हौशी माणसाचा संदर्भग्रंथ : एका वाद्याच्या निमित्ताने

१

नवी कादंबरी किंवा नवा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला म्हणजे त्याचे स्वागत कसे होते, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगण्याची आवश्यकता नाही. परीक्षणे येतात, चर्चा झडतात, क्वचित वादही माजतात. संदर्भग्रंथाच्या वाट्याला हे भाग्य सहसा येत नाही. सूची, कोश, हस्तलिखितांच्या वर्णनात्मक याद्या ग्रंथालयात दाखल होतात, त्यांच्यावर शिक्का बसतो, आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या आधाराने प्रबंध लिहिणारेही त्यांच्या कर्त्याचा उल्लेख तळटीपेपुरताच करतात. ज्या ग्रंथावर दहा ग्रंथ उभे राहतात त्याला आपण ‘साधन’ म्हणतो आणि त्या एका शब्दात त्याला दुय्यम ठरवून मोकळे होतो.

या पार्श्वभूमीवर विद्यापीठांच्या परिघाबाहेर चाललेला एक व्यवहार लक्षात घेण्याजोगा आहे. विजेवर चालणाऱ्या बेस गिटारचे जुने नमुने जमवणाऱ्या, वाजवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींचा एक मोठा वर्ग अमेरिकेत, युरोपात आणि जपानात आहे. या वाद्याविषयी एखादा नवा संदर्भग्रंथ निघाला की हा वर्ग त्याचे जे स्वागत करतो, तसे आपल्याकडे एखाद्या नामवंत कादंबरीचेही क्वचितच होते. ग्रंथ हाती येताच वाचक पहिले काम करतो ते आपल्या घरचे वाद्य आणि ग्रंथातील नोंद शेजारी ठेवून ताडून पाहण्याचे. नोंद जुळली तर त्याला धन्यता वाटते. जुळली नाही तर तो ग्रंथकर्त्याला पत्र लिहितो आणि आपल्या वाद्याचे तपशील पुरवतो. शुद्धिपत्र हा अशा ग्रंथाच्या स्वागताचाच एक भाग असतो.

भारतीय साहित्यांना वाहिलेल्या नियतकालिकात हा विषय काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते या हौशी मंडळींनी, बहुधा स्वतःच्याही नकळत, पाठचिकित्सा आणि हस्तलिखितविद्या यांच्या पद्धती वस्तूंना लावल्या आहेत. त्यांचे यश आणि त्यांच्या मर्यादा या दोहोंतूनही आपण काही शिकावे असे आहे. आपल्या भाषांतील संदर्भकार्याच्या आजच्या स्थितीचा प्रश्नही त्यातच गुंतलेला आहे.

२

प्रथम या वाद्याविषयी आणि त्याच्या ग्रंथांविषयी थोडक्यात. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांच्या कारखान्यात ‘प्रिसिजन बेस’ नावाचे वाद्य तयार झाले. त्यापूर्वी वाद्यवृंदातील खर्जाची बाजू सांभाळीत असे तो माणसाच्या उंचीचा डबल बेस. तो वाहून नेणे अवघड, त्याचा आवाज मोठ्या सभागृहात इतर वाद्यांच्या गजरात बुडून जाई, आणि त्याच्या दांडीवर पडदे नसल्यामुळे सूर अचूक लावण्यास दीर्घ तालमीची गरज पडे. फेंडर यांनी लाकडाच्या भरीव फळीला दांडी जोडली, तिच्यावर वीस पडदे बसवले, तारेची कंपन पावणारी लांबी ३४ इंच ठेवली, आणि तारांचे कंपन विजेच्या साहाय्याने ध्वनिवर्धकाकडे नेण्याची सोय केली. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. १९५२ मध्ये ‘डाउन बीट’ या संगीतविषयक नियतकालिकात लेनर्ड फेदर यांनी लायोनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातील रॉय जॉन्सन हा वादक हे नवे वाद्य वाजवीत असल्याची दखल घेतली. १९५४ मध्ये वाद्याच्या फळीच्या कडा वादकाच्या अंगाला बोचू नयेत अशा उतरत्या करण्यात आल्या. १९५७ मध्ये त्याचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला गेला. १९६० मध्ये ‘जॅझ बेस’ हे भावंड जन्मास आले. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या कंपनीने हा कारखाना १ कोटी ३० लक्ष डॉलर देऊन विकत घेतला. संग्राहकांच्या कालगणनेत ही घटना आपल्याकडील एखाद्या राज्यक्रांतीसारखी मानली जाते. वाद्य ‘सीबीएसपूर्व’ आहे की ‘सीबीएसोत्तर’, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

आता ग्रंथ. १९९५ मध्ये टोनी बेकन आणि बॅरी मूरहाउस यांचे ‘द बेस बुक’ निघाले. त्यात सर्व कारखान्यांच्या बेस गिटारींचा एकत्रित, सचित्र आढावा होता. २००१ मध्ये जिम रॉबर्ट्स यांनी ‘हाउ द फेंडर बेस चेंज्ड द वर्ल्ड’ या ग्रंथात एकाच कारखान्याच्या वाद्याचा संगीतावर झालेला परिणाम मांडला, आणि त्याच वर्षी जे. डब्ल्यू. ब्लॅक व आल्बर्ट मोलिनारो यांचा त्याच वाद्याचा सचित्र इतिहास आला. २०१० मध्ये डेटलेफ श्मिट यांचा ‘फेंडर प्रिसिजन बेसेस : १९५१–१९५४’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. या क्रमाकडे लक्ष द्यावे. प्रथम सर्व कारखाने, मग एक कारखाना, आणि शेवटी एका कारखान्याचे एकच वाद्य, तेही चार वर्षांपुरते. ज्ञानशाखा परिपक्व होते ती अशीच. सर्वसंग्राहक आढाव्याकडून ती मर्यादित क्षेत्राच्या सूक्ष्म वर्णनाकडे जाते. आपल्याकडील वाङ्मयेतिहासाचे खंड अनेक झाले. परंतु एकाच छापखान्याच्या, एकाच दशकाच्या, एकाच ग्रंथमालेच्या वर्णनाला सगळे आयुष्य वाहणारे किती निघाले, याचा प्रत्येकाने आपल्या भाषेपुरता हिशोब करून पाहावा.

३

या ग्रंथांची पद्धती हाच आपल्या दृष्टीने खरा महत्त्वाचा भाग आहे. जुने फेंडर वाद्य कोणत्या वर्षाचे, हे ठरवावे कसे? वाद्यावर अनुक्रमांक असतो. प्रारंभीच्या वर्षांत तो घोडीच्या पट्टीवर कोरलेला असे, पुढे दांडी जिथे फळीला जोडली जाते तेथील धातूच्या पट्टीवर येऊ लागला. परंतु या पट्ट्या कारखान्यात खोक्यात भरून ठेवलेल्या असत आणि कामगार हाताला येईल ती उचलून बसवीत. त्यामुळे मोठा क्रमांक म्हणजे उशिराचे वाद्य, असा सरळ निष्कर्ष निघत नाही. दुसरे साधन म्हणजे दांडीच्या टोकाशी, जो भाग फळीच्या खाचेत दडलेला असतो तेथे, शिसपेन्सिलीने लिहिलेली तारीख. ही तारीख दांडी तयार झाल्याची. वाद्य जुळवल्याची नव्हे. दांडी काही आठवडे किंवा महिने मांडणीवर पडून राहिलेली असू शकते. तिसरे साधन आवाज कमीजास्त करणाऱ्या विद्युत्-भागावरील छापील अंक. त्यातील पहिले तीन अंक तो भाग बनवणाऱ्या कंपनीचे, पुढचे वर्षाचे आणि शेवटचे आठवड्याचे असतात. १३७ ६५ ०८ असे अंक असतील तर तो भाग सीटीएस या कंपनीने १९६५ च्या आठव्या आठवड्यात केला. म्हणजे वाद्य त्यापूर्वीचे असणे शक्य नाही; नंतरचे कितीही असू शकेल. त्यातही तो भाग दुरुस्तीत बदललेला नाही, हे त्याच्या जुन्या जोडकामावरून आधी ठरवावे लागते.

हस्तलिखितांशी संबंध आलेल्या वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. पोथीच्या अखेरीची पुष्पिका शक आणि तिथी सांगते. परंतु लेखनिकाने पुढ्यातील मूळ पोथीची पुष्पिका जशीच्या तशी उतरवलेली असेल, तर ती तिथी या पोथीची नसून तिच्या आईची असते. कागदातील जलचिन्ह कागद केव्हा तयार झाला ते सांगते; त्यावर लिहिले केव्हा, ते सांगत नाही. मधली पाने निराळ्या हाताची असतात. कोणतेही एक प्रमाण स्वयंपूर्ण नसते, सर्व प्रमाणे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने हा दंडक आपल्या देशात रुजवला. ज्यांनी सुकथनकरांचे नावही ऐकलेले नाही अशा माणसांनी हातात स्क्रूपिळणी घेऊन तोच दंडक पुन्हा शोधून काढावा, ही गोष्ट मला फार आशादायक वाटते. चिकित्सक दृष्टी पदवीतून येत नाही. वस्तूवर प्रेम असेल आणि फसवले जाण्याची भीती असेल तर ती आपोआप येते.

आणि येथे ‘चिकित्सक’ हा शब्द मी सैलपणे वापरीत नाही. लाकडाचेच उदाहरण घ्यावे. १९५० च्या दशकात फेंडरच्या दांड्या एकसंध मेपल लाकडाच्या असत. १९५९ पासून त्यांच्यावर ब्राझीलमधील शिसवी जातीच्या लाकडाची पट्टी येऊ लागली. आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तिची जागा भारतातील शिसवी लाकडाने घेतली. कोणत्या महिन्यापासून कोणती पट्टी, सपाट की वक्र, जाड की पातळ, याचा निर्णय ही मंडळी शेकडो वाद्ये प्रत्यक्ष पाहून लावतात. एखादा पाठभेद दहा पोथ्यांत पडताळून पाहण्याच्या कामापेक्षा हे काम जातीने निराळे नाही.

४

अशा ग्रंथांचा एक मोठा उपकार असा की ते ‘आद्य’त्वाचे वाद जमिनीवर आणतात. प्रिसिजन बेस हे पहिले विजेचे बेस गिटार, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. पुढे दिसून आले की सिॲटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३६ च्या सुमारासच ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ या नावाने भरीव फळीचे, पडदे असलेले, आडवे धरून वाजवायचे विजेचे बेस वाद्य विक्रीस आणले होते. त्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने आज उरले आहेत. मग आद्य कोण? हौशी इतिहासकारांनी या प्रश्नाचे दिलेले उत्तर आपल्या वाङ्मयेतिहासकारांनी मनन करण्याजोगे आहे. टटमार्क अगोदरचे, हे निर्विवाद. परंतु त्यांचे वाद्य वादकांच्या हाती गेले नाही, त्यातून परंपरा निघाली नाही. फेंडर यांचे वाद्य वादकांनी उचलले, त्यासाठी वाजवण्याची नवी रीत घडली, आणि पुढच्या कारखानदारांनी त्याचे अनुकरण केले. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवल्या की भांडण संपते.

आपल्याकडे आद्य कवी, पहिली कादंबरी, पहिले आत्मचरित्र यांवर किती शाई खर्च झाली! बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ला १८५७ चे साल आहे, तिला कादंबरी म्हणावे की नाही, तिच्यापासून परंपरा निघाली की नाही, आणि ती कालदृष्ट्या पहिली की नाही, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. आपण त्यांची एकत्र मोट बांधतो आणि मग कोणाचेच उत्तर देता येत नाही. संदर्भग्रंथकाराला मात्र प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा रकाना आखावा लागतो. रकाना आखणे ही वैचारिक कृती आहे, हे आपण मान्य करीत नाही, आणि म्हणून सूचिकाराच्या कामाला ‘हमाली’ म्हणण्याची आपल्या विद्यापीठांत प्रथा पडली आहे.

५

या ग्रंथांनी केलेले सर्वांत मोलाचे काम मात्र वेगळेच आहे. ते नावांचे काम आहे.

जुन्या फेंडर वाद्यांच्या दांड्या उघडून पाहताना तारखेजवळ ‘टी. जी.’ अशी आद्याक्षरे वारंवार आढळली. ती टाडेओ गोमेझ या कामगाराची होत. १९५० च्या दशकातील काही वाद्यांच्या पोटात चिकटपट्टीच्या तुकड्यांवर मेरी, ग्लोरिया अशी स्त्रियांची नावे मिळाली. विद्युत्-भाग जोडणाऱ्या कामगार स्त्रियांनी आपले काम ओळखू यावे म्हणून ती लावली होती. ॲबिगेल यबारा या स्त्रीने १९५६ पासून या कारखान्यात पिकअपभोवती केसासारखी बारीक तार गुंडाळण्याचे काम केले. पुढे त्यांच्या हातच्या पिकअपना त्यांच्या नावाने मागणी येऊ लागली. कारखान्याच्या जाहिरातीत यांपैकी कोणाचेही नाव नव्हते. जाहिरातीतले नाव मालकाचे होते. कामगारांची नावे इतिहासात आली ती वाद्याचे स्क्रू काढून आत डोकावणाऱ्या माणसांमुळे. आपल्या पोथ्यांचे लेखनिक ‘भग्नपृष्ठकटिग्रीव’ होऊन लिहीत आणि पुष्पिकेत आपले नाव सोडून जात. त्या नावांची सलग यादी करण्याची बुद्धी आपल्याला फार उशिरा झाली, आणि अनेक भाषांत ती अजून व्हायची आहे.

जी गोष्ट घडवणाऱ्यांची, तीच वाजवणाऱ्यांची. डेट्रॉइट येथील मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातील असंख्य लोकप्रिय तबकड्यांवर खर्जाची बाजू जेम्स जेमरसन यांनी वाजवली. त्या तबकड्या जगभर विकल्या गेल्या, परंतु वादकांची नावे त्यांवर छापली जात नसत. १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहाच्या वेष्टनावर ती आली. जेमरसन यांचे १९६२ चे प्रिसिजन बेस १९८३ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस अगोदर, चोरीस गेले. त्यांच्या वादनाचा स्वरलिपीसह अभ्यास करणारा ॲलन स्लट्स्की यांचा ग्रंथ १९८९ मध्ये आला, तेव्हा जेमरसन हयात नव्हते. ज्याच्या बोटांनी एका पिढीचे कान घडवले त्याचे नाव त्या पिढीला ठाऊक नव्हते, ही वस्तुस्थिती या ग्रंथामुळे सर्वांसमोर आली.

येथे हा विषय आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही बेस गिटारने फार मोठी जागा मिळवली. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचे बेस गिटार होते. त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचे नाव आहे, संगीतकाराचे आहे, गीतकाराचे आहे, वादकाचे नाही. गोव्यातून मुंबईस आलेल्या वादकांनी आणि संयोजकांनी या संगीताचा पाश्चात्त्य वाद्यमेळ उभा केला, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. परंतु तिची साधार मांडणी व्हावयास ग्रेगरी बूथ यांचा ‘बिहाइंड द कर्टन’ हा ग्रंथ २००८ मध्ये यावा लागला. बूथ यांनी वादकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. तो ग्रंथ इंग्रजीत आहे आणि परदेशी अभ्यासकाने लिहिलेला आहे. ज्या शहरात हे वादक राहिले, ज्या मराठी, कोंकणी, हिंदी, गुजराती भाषांतून त्यांनी एकमेकांशी व्यवहार केला, त्या भाषांतील अभ्यासकांनी चित्रपटगीताकडे पाहिले ते मुख्यतः शब्दरचना म्हणून. गीताच्या शब्दांवर आपण निबंध लिहिले. गीताखाली वाहणारा खर्ज कोणाचा, हे विचारले नाही.

६

हौशी संदर्भग्रंथांची भलावण करताना त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत.

पहिला दोष बाजाराचा. जुन्या वाद्यांना मोठी किंमत येते आणि संदर्भग्रंथातील एकेका ओळीने ती वाढते किंवा कोसळते. ज्या तपशिलांनी खरे वाद्य ओळखायचे, तेच वाचून खोटे वाद्य बनवता येते. हा आक्षेप खरा आहे, परंतु तो केवळ वाद्यांच्या ग्रंथांवर नाही. ताम्रपट, नाणी, लघुचित्रे, हस्तलिखिते यांच्या प्रत्येक प्रकाशित वर्णनाला तो लागू होतो. त्यावर उपाय वर्णन लपवण्याचा नव्हे. वर्णनाबरोबर वस्तूच्या हस्तांतराचा इतिहासही नोंदवला, तर बनावट माल टिकत नाही. कारण तपशील नकलता येतो, मालकांची साखळी नकलणे कठीण असते.

याचे ताजे उदाहरण आहे. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे सुमारे ३० पौंडांना घेतलेले हॉफनर कंपनीचे व्हायोलिनच्या आकाराचे बेस गिटार १९७२ मध्ये लंडनमध्ये एका मोटारीतून चोरीस गेले. २०२३ मध्ये काही मंडळींनी त्याचा जाहीर शोध आरंभला. चोरीची साक्ष देणारी माणसे पुढे आली. आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका घराच्या माळ्यावरून ते वाद्य परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. ते तेच वाद्य आहे, याचा निर्वाळा हॉफनर कंपनीने दिला. त्या वर्षीच्या नमुन्यात दोन पिकअप दांडीकडे अगदी जवळजवळ बसवलेले असत, अशा बारकाव्यांचे ज्ञान लोकांनी जपून ठेवले नसते, तर माळ्यावरचे ते अडगळीतले लाकूड ओळखले कसे गेले असते? पन्नासहून अधिक वर्षांनी वस्तू तिच्या वादकाकडे परत आली, यात वर्णनविद्येचा वाटा मोठा आहे.

दुसरा दोष मला अधिक गंभीर वाटतो. या ग्रंथांच्या दृष्टीने आदर्श वाद्य ते, ज्याला कोणी फारसे वाजवलेले नाही. मूळ रंग शाबूत, मूळ स्क्रू शाबूत, मूळ पेटी शाबूत. नव्याने रंगवलेले, पडदे बदललेले, वादकाच्या घामाने काळवंडलेले वाद्य त्यांच्या तराजूत हलके ठरते. हे म्हणजे समासात एकही टीप नसलेल्या, कोणी न वाचलेल्या पोथीला उत्तम पोथी म्हणण्यासारखे झाले. ज्ञानेश्वरीच्या परंपरेत शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेले शुद्धीकरण ही मूळ पाठाच्या शोधात अडचण असेल. परंतु ते त्या ग्रंथाच्या जीवनातले एक महत्त्वाचे प्रकरण आहे, हे कोणी नाकारणार नाही. वाद्यावरची झीज हा वादकाने लिहिलेला समासातील मजकूर आहे. जेमरसन आपल्या वाद्याच्या तारा सहसा बदलत नसत आणि त्या जुनाट तारांतून त्यांचा विशिष्ट नाद येई, असे सांगतात. कारखान्यातून निघालेल्या स्थितीलाच प्रमाण मानणारी नोंदवही अशा वाद्याविषयी फार थोडे सांगू शकेल. वस्तूच्या निर्मितीबरोबर तिच्या वापराचे वर्णनही करणारा संदर्भग्रंथ हाच पूर्ण संदर्भग्रंथ होय, असे माझे मत आहे.

तिसरा दोष ‘सीबीएसपूर्व’ या भक्तीचा. कारखाना विकला गेला त्या दिवसापासून सारे बिघडले, ही धारणा सुवर्णयुगाच्या कल्पनेसारखीच आहे, आणि वाङ्मयेतिहासातील सुवर्णयुगांप्रमाणे तीही तपशिलांपुढे पुरतेपणी टिकत नाही. बदल हळूहळू झाले, काही विक्रीपूर्वीच सुरू झालेले होते. समाधानाची गोष्ट अशी की ही भक्ती ढिली करणारे पुरावेही याच संदर्भग्रंथांतून मिळतात. चांगली सूची आपल्या कर्त्याच्या आवडीनिवडीविरुद्धही साक्ष देते.

७

आता आपल्याकडे वळू. संदर्भकार्याची ही हौस आपल्याला नवी आहे, असे समजण्याचे कारण नाही. मराठीत तर तिची मोठी परंपरा आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी कंपनी स्थापन केली, वर्गणीदार मिळवले आणि तेवीस खंड पुरे केले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९५० पर्यंतचा पुढला भाग १९६१ मध्ये आणला. आज मराठी ग्रंथव्यवहारावर लिहिणारा कोणताही अभ्यासक दात्यांच्या खांद्यावर बसूनच लिहितो. हिंदीत हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी कानपुरात बसून हिंदी चित्रपटगीतांचा दशकवार कोश रचला; त्याचा पहिला प्रकाशित खंड १९८० चा. मुंबईत १९९० मध्ये जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली आणि तिने आपले नियतकालिक चालवले. यांपैकी एकही काम कोणत्याही विद्यापीठाच्या विभागातून निघालेले नाही.

याचा अर्थ विद्यापीठांनी लाजावे एवढाच नाही. त्यांनी हौशी माणसाशी आपला संबंध काय असावा, हे ठरवले पाहिजे. हौशी संशोधकाजवळ वेळ, जिद्द आणि वस्तू असतात. त्याच्याजवळ बहुधा नसते ते पुढच्या पिढीकडे काम सोपवण्याचे साधन. तो गेला की त्याची टिपणे रद्दीत जातात. संस्थेजवळ नेमके तेच साधन असते, पण तिच्याजवळ हौस नसते. दोघांची गाठ घालून देणे अवघड असले तरी अशक्य नाही.

माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, भारतीय भाषांच्या विभागांत वर्णनात्मक सूची, शब्दकोश, वाद्यवर्णन, वादकसूची अशा कामांना पीएच.डी.च्या प्रबंधाचा पूर्ण दर्जा मिळावा. ‘विवेचन कोठे आहे?’ हा प्रश्न परीक्षकाने विचारू नये; रकान्यांची आखणी आणि संशयित नोंदींचा निकाल यांत विवेचन असतेच. दुसरी, आपल्या नियतकालिकांनी संदर्भग्रंथांची परीक्षणे छापावीत आणि ती प्रशस्तिपर नसून दुरुस्त्यांची असावीत. सूचिकाराचा सर्वांत मोठा सन्मान त्याची सूची ओळ-ओळ तपासण्यात आहे. बेस गिटारच्या रसिकांना जे कळले ते आपल्याला कळावयास हवे. तिसरी सूचना सर्वांत तातडीची. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून हा व्यवसाय उभा राहिला आणि पंढरपूरच्या आसमंतातील भोपळ्यांवर तो पोसला. निर्देशांकाने गावाचे नाव सुरक्षित झाले. कारागिरांची नावे त्याने आपोआप सुरक्षित होत नाहीत. कोणता तंबोरा कोणाच्या हातचा, कोणत्या साली कोणासाठी केला, पुढे कोणाकडे गेला आणि कोणत्या मैफलींत वाजला, याची नोंद जिवंत कारागिरांच्या आणि वृद्ध कलावंतांच्या तोंडून आजच घेतली पाहिजे. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील वादकांचेही तसेच. त्यांच्यातले अनेक जण गेले आहेत. जे आहेत त्यांना तबकडी ऐकवली तर ‘हा वाजवणारा मी’ किंवा ‘हा अमुक’ असे ते आजही सांगू शकतात. आणखी काही वर्षांनी ही सोय राहणार नाही, आणि कोणत्याही तबकडीच्या वेष्टनावर ते नाव शोधून सापडणार नाही, कारण ते तेथे छापलेलेच नाही.

हे काम साहित्याच्या अभ्यासकांचे आहे का, असा प्रश्न कोणी विचारील. ज्या अभ्यासकांना पुष्पिका वाचता येते, दोन साक्षींतला विसंवाद पारखता येतो, आणि लोकांच्या तोंडची भाषा जशीच्या तशी टिपता येते, त्यांच्याहून या कामाला अधिक लायक कोण आहे? चार वर्षांत तयार झालेल्या एका परदेशी वाद्याचे दप्तर लावण्यासाठी माणसे आयुष्य वेचतात आणि त्यांचे वाचक त्यांना दुरुस्त्या पाठवून साथ देतात. आपल्या वाद्यांचे, वादकांचे आणि लेखनिकांचे दप्तर लावावयास आपण निदान सुरुवात करावी.